वेगळ्या फुलवेली, बियांची देवाणघेवाण आणि माझ्या उरलेल्या तीन बिया

खिडकीबाग | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. बाग म्हणजे पश्चिमेकडच्या दोन खिडक्यांची बॉक्स ग्रिल. मोगरा, तुळस, जास्वंद सगळ्यांकडे असतं ते आहेच, पण दोन वर्षांपासून वेलींचं वेड लागलंय. ग्रिल आयती आहे, मग चढवा काहीतरी. सध्या गणेशवेल, दुहेरी निळी गोकर्ण आणि एक कृष्णकमळ आहे. कृष्णकमळाने अजून एकही फूल दिलेलं नाही, पण त्याचं रडगाणं नंतर.

गेल्या दिवाळीत देवरुखला मावशीकडे गुलचांदणी पाहिली. न्हाणीघराच्या कौलांवर अंधार पडता पडता बशीएवढी पांढरी फुलं उमलली होती, आणि वास असा की मी जेवायला आत जाईना. मे महिन्यात गेले तेव्हा मावशीने औषधाच्या बाटलीतून आठ बिया काढून दिल्या. वाटाण्याएवढ्या, फिकट तपकिरी, हाडासारख्या टणक. त्यातल्या पाच कोकोपीटमध्ये लावल्या आणि रोज पाणी घातलं. बारा दिवसांनी उकरलं तर चार सडलेल्या. पाचवी सापडलीच नाही, मुंग्यांवर संशय आहे.

उरल्या तीन. आता हात लावायची भीती वाटते. काय करू? आणि तुमच्याकडे नेहमीच्या नसलेल्या कुठल्या फुलवेली आहेत तेही सांगा. माझ्याकडे गणेशवेल आणि दुहेरी गोकर्णीच्या भरपूर बिया आहेत, अदलाबदल करायला आवडेल.

धांदरट | १४ जून, रात्री १०:०५

माझ्याकडे अमरवेल आहे. माती नको, कुंडी नको, खत नको. फक्त शेजाऱ्याचं झाड लागतं. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मातीखाली | १४ जून, रात्री ११:१२

खिडकीबाग, धाग्याबद्दल आभार. आधी त्या तीन बियांचं बघू.

गुलचांदणीच्या बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. शिरलंच तर कुठल्यातरी चिरेतून, आणि मग ओलसर कोकोपीटमध्ये बी उगवायच्या आधी कुजते. नेलकटर घ्या. बीवर एक डोळा दिसेल, म्हणजे ती बोंडात जिथे चिकटलेली असते ती खूण. त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला कवचाचा अगदी लहानसा टवका उडवा. आतलं पांढरं दिसलं की थांबा, गराला इजा नको. मग वाटीत कोमट पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी बी फुगून जवळजवळ दुप्पट झालेली असेल. तशीच राहिली तर टवका पुरेसा उडालेला नाही, पुन्हा कापा. पण चोवीस तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका.

लावताना नुसतं कोकोपीट नको. माती, शेणखत आणि थोडी वाळू घ्या, बी अर्ध्या पेराएवढी खोल. एकदा पाणी, मग वरची माती सुकल्याशिवाय नाही. आठवड्यात वर येते. पहिली दोन पानं आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली असतात, नेहमीची बदामी पानं नंतर येतात. ती पाहून "हे भलतंच काहीतरी उगवलं" म्हणून उपटू नका. मी उपटलं होतं.

तिन्ही एकदम लावू नका.

आडगावकर | १५ जून, सकाळी ६:२०

आमच्याकडे राजापुरात बियांची नखं कोणी कापत नाही. कुंपणावर वेल असते, बी खाली पडते, मृगाचा पाऊस लागला की आपोआप वर येते. शहरातल्या लोकांनी सगळ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलंय.

मातीखाली | १५ जून, सकाळी ९:०२

काका, तुमच्या कुंपणाखाली शंभर पडतात आणि वर येतात दहा. बाकीच्या वर्षभर ऊन, पाऊस, किडे, पायाखालची रगड सगळं सोसून पुढच्या वर्षी उगवतात किंवा मातीत जातात. हिच्याकडे तीनच आहेत.

आडगावकर | १५ जून, सकाळी ९:१५

हे मात्र खरं. कापू द्या.

बाबुराव_कुंडीवाले | १५ जून, दुपारी १:३०

वाचतोय. वेलींबद्दल आमच्या सोसायटीचा अनुभव असा: मी पहिल्या मजल्यावर लसण्या वेल लावली. ओळखत नसाल तर सांगतो, पान चुरगळलं की लसणाच्या फोडणीचा वास आणि फुलं जांभळी. ती दोन दिवसांत फिकी गुलाबी होतात आणि मग जवळजवळ पांढरी, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. वर्षातून दोन-तीनदा असा बहर येतो की पान दिसत नाही. सेक्रेटरींनी नोटीस लावली, "वेलींमुळे साप येतात." मी सांगितलं, साहेब, लसणाच्या वासाने साप पळतो. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण नोटीस काढली.

हिला माझ्याकडे कधी बी धरली नाही. फांदी लावूनच होते. पुण्यात असाल तर येऊन घेऊन जा.

पाकोळी | १५ जून, रात्री ८:४८

माझ्याकडे ईश्वरी आहे, काही जण सापसंद म्हणतात. फूल बघून कोणी वा म्हणणार नाही, बोटभर, हिरवट जांभळं, नळीसारखं. पण वेल लावल्यापासून दुसऱ्या पावसाळ्यात क्रिमझन रोझ आणि कॉमन रोझ ही फुलपाखरं अंडी घालायला लागली. पानं खाऊन वेल उघडी करतात आणि ती पुन्हा फुटते. सह्याद्रीच्या जवळ असाल तर सदर्न बर्डविंगसुद्धा येऊ शकतं. १९० मिलीमीटर पंखांचं, हे वर्षानुवर्षं भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू मानलं जायचं. २०२०मध्ये हिमालयातल्या गोल्डन बर्डविंगची १९४ मिलीमीटरची नोंद झाली आणि मान चार मिलीमीटरने गेला.

बिया देईन. त्या पातळ, चपट्या, कडेला पापुद्रा असलेल्या असतात. बोंड उलट्या टांगलेल्या छोट्या पॅराशूटसारखं फुटतं, त्यामुळे फुटायच्या आधी त्याला मलमलची पिशवी बांधावी लागते.

सातपुडा | १६ जून, सकाळी ७:५५

पाकोळी, माझ्याकडे बदकवेल आहे. फूल हुबेहूब पोहणाऱ्या बदकासारखं, आलेला प्रत्येक पाहुणा फोटो काढतो. तीही ईश्वरीच्याच कुळातली ना? बिया आहेत, ईश्वरीच्या बदल्यात देतो.

पाकोळी | १६ जून, सकाळी ८:३०

दादा, रागावू नका, पण बदकवेल मी घेणार नाही आणि तुम्हीही वाटू नका असंच सांगेन. ती दक्षिण अमेरिकेकडची. कुळ एकच असल्याने फुलपाखरं फसतात, तिच्यावर अंडी घालतात, आणि अळ्या पानं खाऊन मरतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगच्या बाबतीत हे इतकं झालं की लोकांना त्या परदेशी वेली उपटायला सांगावं लागलं.

सातपुडा | १६ जून, सकाळी ८:४१

अरेच्चा. सहा वर्षं "बघा, माझ्याकडे किती फुलपाखरं येतात" म्हणून कौतुक करत होतो. येतात खरी, अळ्या मोठ्या झालेल्या मात्र कधी दिसल्या नाहीत. वाटायचं पक्षी खातात.

सातपुडा | १६ जून, संध्याकाळी ६:१०

काढली. बायको म्हणाली, शेवटी एकदाचं ऐकलंत कोणाचं तरी.

नाइलाजाने_मुंबईकर | १७ जून, रात्री ११:५०

ऑनलाइन बिया घेणाऱ्यांसाठी माझी कहाणी. फोटोत पांढरं, कडेने बारीक बारीक दोरे सुटलेलं, लेससारखं फूल. नाव काहीतरी विलायती, "रात्री उमलणारी दुर्मिळ वेल", पाच बियांचे २४९ रुपये. लावल्या, वेल सरसर वर गेली, आणि एके रात्री खरंच तसंच फूल आलं! मंद वास, पाकळ्यांच्या कडांना जाळीदार झालर. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. आठ दिवसांनी खाली हिरवं, पांढऱ्या रेघांचं, वळवळणारं काहीतरी लोंबायला लागलं.

पडवळ.

धांदरट | १८ जून, रात्री १२:०३

भाजी झाली की नाही?

नाइलाजाने_मुंबईकर | १८ जून, सकाळी ७:३०

डाळ घालून. किलोला हजार रुपये पडली.

मातीखाली | १८ जून, सकाळी १०:१७

हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट सांगते. पडवळाचं फूल खरोखरच देखणं असतं. आपण ते कधी बघत नाही, कारण ते रात्री उमलतं आणि सकाळी भाजी बघायला जाईपर्यंत मिटलेलं असतं. पतंगांसाठीचं फूल ते, त्यांना अंधारात दिसावं म्हणून पांढरं. तुम्ही फसलात ते किमतीत. फुलात नाही.

हिमांकाखाली | १९ जून, पहाटे ४:२५

न्यू जर्सीहून नमस्कार. इथे गुलचांदणी मिळते, मूनफ्लॉवर म्हणून. एप्रिलमध्ये घरात रुजवायची, मे अखेर बाहेर काढायची. ऑगस्टच्या शेवटाला फुलं यायला लागतात आणि ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडलं की एका रात्रीत काळी. दीड महिन्याच्या फुलांसाठी पाच महिन्यांची चाकरी.

माझी मागणी वेगळी आहे. आईच्या सातारच्या अंगणात पांढरी गोकर्ण होती, तिच्या बिया कोणी पाठवेल का? पाकिटाचा खर्च देतो.

खिडकीबाग | १९ जून, सकाळी ९:००

मी पाठवते की!

मातीखाली | १९ जून, सकाळी ९:३५

थांबा थांबा. परदेशी बिया साध्या पाकिटात पाठवायच्या नसतात. अमेरिकेत परवाना किंवा रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. तिकडून इकडे आणायच्या तरी २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली सरकारी कागदपत्रं लागतात. २०२०मध्ये अमेरिकेतल्या लोकांना न मागवलेली चिनी बियांची पाकिटं आली होती, आठवतंय? तेव्हा सरकारने सांगितलं होतं, पेरू नका, आमच्याकडे द्या.

हिमांकाखाली, तिकडे "बटरफ्लाय पी" नावाने शोधा, पांढरीही मिळते.

हिमांकाखाली | १९ जून, संध्याकाळी ६:४०

मिळेल, माहीत आहे. आईच्या अंगणातली नसेल इतकंच.

आडगावकर | १९ जून, संध्याकाळी ७:००

पांढऱ्या गोकर्णीवरून एक. निळीच्या शेजारी पांढरी लावून तिच्या बिया धरल्या, तर पुढच्या साली त्यातली एक निळी निघाली. पाहुणे येऊन गेलेले दिसतात.

मातीखाली | १९ जून, संध्याकाळी ७:२०

:) गोकर्ण बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर बी धरते, म्हणून रंग सहसा टिकतो. पण भुंगा कधीतरी येतोच. बिया वाटताना हात राखून पांढरी "बहुतेक पांढरी" असं लिहा.

शमी | २१ जून, दुपारी ३:१५

मला गुंजेच्या बिया हव्यात. लाल-काळी नाही, पांढरी. कोणाकडे आहे?

बाबुराव_कुंडीवाले | २१ जून, दुपारी ३:४०

लाल आहे, भरपूर. आमचे आजोबा सराफ होते, ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा हे पाढ्यासारखं पाठ. म्हणजे ९६ गुंजा एका तोळ्याला. पांढरीला लोक लक्ष्मीच्या नावाखाली वाटेल ते पैसे मोजतात.

दोन_पोरांची_आई | २१ जून, संध्याकाळी ५:०५

घरात लहान मूल असेल तर कृपा करून गुंज वाटू नका. कवच अख्खं असेल तर पोटातून तशीच बाहेर पडू शकते, पण चावली गेली तर एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. कळलावीचंही तेच, कंदापासून बीपर्यंत सगळं विषारी. माझी चार वर्षांची धाकटी लाल मणी दिसले की तोंडातच घालते.

आडगावकर | २१ जून, संध्याकाळी ५:३०

ताई म्हणतात ते बरोबर आहे. गंमत अशी की त्याच गुंजेचा पाला आम्ही विड्यात घालतो, गोड लागतो. पान खायचं, बी नाही. कळलावी मात्र आमच्या कुंपणावर दरवर्षी पावसात येते, लाल-पिवळ्या ज्वाळा. आई म्हणायची हात लावू नको, भांडण लागतं. नावातच आहे.

घाटवाट | २३ जून, रात्री १०:१०

वेगळी वेल म्हणाल तर कंदीलपुष्प. गेल्या ऑगस्टमध्ये एका किल्ल्याच्या उतारावर दिसली, खाली फुगीर नळी आणि वर पाच काड्या जुळवून केलेला कंदील. एक कंद उकरून आणला, पण घरी जगला नाही. कोणाकडे बिया असतील तर सांगा.

मातीखाली | २३ जून, रात्री १०:४४

घाटवाट, हे वाचून वाईट वाटलं आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीत आहेत, काही तर मोजक्या डोंगरांवर. एक कंद म्हणजे ती अख्खी वेल. आणि हिचा संसार किती नाजूक असतो बघा. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत घसरते, केसांमुळे वर येता येत नाही. मग केस कोमेजतात, फूल झुकतं आणि माशी पराग घेऊन बाहेर पडते. त्या माश्या तुमच्या गॅलरीत कुठून आणणार? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात यांचा संग्रह आहे, तिथे जाऊन बघा. डोंगरावरून फक्त फोटो.

आडगावकर | २४ जून, सकाळी ६:१०

आम्ही गुरं राखायचो तेव्हा खरपुडीचे, म्हणजे याच कंदीलपुष्पाचे कंद उकरून खायचो. कच्चेच. तेव्हा कोणी ओरडलं नाही.

घाटवाट | २४ जून, सकाळी ८:००

काका, तुम्ही खाल्लेत ते चालतं आणि मी कुंडीत लावला तर गुन्हा?

मातीखाली | २४ जून, सकाळी ८:५०

गावातल्या चार पोरांनी भूक लागली म्हणून खाणं आणि शनिवार-रविवारच्या गर्दीतल्या प्रत्येकाने एकेक नेणं, यात आकड्याचा फरक आहे. तरी काका, तुम्हालाही सूट नाही.

घाटवाट | २४ जून, सकाळी ९:१०

मान्य. पुन्हा नाही आणणार.

खिडकीबाग | २७ जून, रात्री ९:२०

पहिली बी कापली. टवका जरा जास्तच उडाला, हात थरथरत होता. सकाळी वाटीत बघितलं तर फुगून चवळीच्या उसळीतल्यासारखी मऊ. लावलीय. दुसरी पुढच्या आठवड्यात.

कोणी बिया पाठवणार असाल तर पत्ता व्यनिवरच द्या, धाग्यात नको. आणि पॅकिंगचं सांगा, गेल्या वेळी मी पाठवलेल्या गोकर्णीचं वाटेत पीठ झालं होतं.

सातपुडा | २८ जून, सकाळी ७:३०

खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या. आतल्या नागमोडी थरात बी बसेल एवढी भोकं कोरा, बी ठेवा, वरून चिकटपट्टी. मग शिक्का कितीही जोरात बसू दे. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको, पावसाळ्यात घाम धरून बुरशी येते. वर्तमानपत्राची पुडी बरी. नाव आणि बी धरल्याचा महिना पुडीवरच लिहा, वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं की चिठ्ठी हरवते.

खिडकीबाग | ६ जुलै, सकाळी ७:१५

आली!! आपट्याचं पान!!

मातीखाली | ६ जुलै, सकाळी ७:५०

:) आता खत कमी.

शमी | ११ जुलै, दुपारी २:००

अवांतर: कृष्णकमळात शंभर कौरव, पाच पांडव, वर तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मध्ये कृष्ण, असं आजीने सांगितलं होतं. मोजायला गेले तर कौरव शंभराच्या आसपासही नव्हते.

हिमांकाखाली | ११ जुलै, रात्री ११:३०

वेल मूळची अमेरिका खंडाची. स्पॅनिश पाद्र्यांनी तिच्यात येशूचा काट्यांचा मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले. आपण महाभारत पाहिलं. फूल तेच.

धांदरट | १२ जुलै, सकाळी ९:४५

आणि खिडकीबाग यांच्या वेलीने अजून कोणालाच काही दाखवलेलं नाही.

पाकोळी | १२ जुलै, सकाळी १०:३०

त्यावर काटेरी लालसर अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, टॉनी कोस्टर फुलपाखराच्या असतील. पानं जातील, वेल जात नाही. फुलासाठी मात्र ऊन लागेल, निदान पाच तास, आणि ग्रिलमध्ये ते मिळत नसेल तर कितीही खत घाला.

खिडकीबाग | २८ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. दुसरी बी उगवून गोगलगाईने खाल्ली. तिसरी अजून पुडीत. पहिलीने दोन्ही खिडक्या व्यापल्यात, पानं हाताच्या पंजाएवढी, पण कळी एकही नाही. मावशी फोनवर म्हणते तिच्याकडे कळ्या धरल्या.

मातीखाली | २९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

खिडकीसमोर रस्त्याचा दिवा आहे का? ही दिवस लहान होऊ लागले की कळी धरते. रात्रभर उजेड पडत असेल तर तिला रात्र लांबलेली कळतच नसेल.

खिडकीबाग | २९ सप्टेंबर, सकाळी ८:३५

आहे! बरोब्बर समोर, पांढरा एलईडी. आता काय, महापालिकेला अर्ज करू की माझ्या वेलीला झोप येत नाही?

बाबुराव_कुंडीवाले | २९ सप्टेंबर, सकाळी ९:००

गडद चादर टांगा. सेक्रेटरींनी विचारलं तर लसूण सांगा.

खिडकीबाग | २५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

जुनी निळी चादर रोज साडेसहाला बाहेरून अडकवायची, सकाळी काढायची. नवरा पहिल्या आठवड्यात हसला, दुसऱ्यात मीटिंग चालू असताना स्वतः अडकवायला लागला. गेल्या मंगळवारी कळ्या दिसल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या पिळलेल्या.

आज चादर लावलीच नाही. सव्वासहापासून स्टूल घेऊन बसले. साडेसहाच्या सुमाराला सगळ्यात मोठी कळी थरथरली. वारा नव्हता. पीळ एका बाजूने सैल झाला, मग झटक्यात, अक्षरशः मी "अगं" म्हणेपर्यंत, पूर्ण उघडली. मधोमध फिकट हिरवी पाच टोकांची चांदणी. मावशीकडे लांबून ती कधी दिसलीच नव्हती. वीस मिनिटांनी एक मोठा पतंग आला, लांब सोंड काढून हवेतच थांबला. तिसऱ्या मजल्यावर, एलईडीखाली!

आडगावकर | २६ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

अभिनंदन. पण चादरीचं काही नाही. ऑक्टोबर आला म्हणून आली. आमच्याकडे चादर कोण लावतं?

मातीखाली | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

काका, तुमच्याकडे दिवा कुठे आहे?

आडगावकर | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

तो मुद्दा आहे.

हिमांकाखाली | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४५

माझी परवा रात्री काळी पडली. तुमची बघून बरं वाटलं. बाजारातली पांढरी गोकर्ण घेतली अखेर, आत खिडकीत आहे, दोन फुलं आली. आईला व्हिडिओवर दाखवली, म्हणाली पाणी जास्त घालतोयस.

खिडकीबाग | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

बोंडं सुकली, सव्वीस बिया निघाल्या. यादीतल्या आठ जणांना तीन-तीन, पुठ्ठ्यात घालून पाठवल्यात, नेलकटर तुमचं. दोन आणि ती जुनी तिसरी माझ्याकडे.

आज मलाही एक पाकीट आलं. आत वर्तमानपत्राची पुडी, चपट्या, चकचकीत, काळ्या-करड्या अकरा बिया. ना नाव, ना महिना, ना पाठवणाऱ्याचा पत्ता. कोणी पाठवल्या?

सातपुडा | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

मी नाही. मी पुडीवर लिहितो.

दोन_पोरांची_आई | १९ डिसेंबर, रात्री १०:००

ओळख पटेपर्यंत उंचावर ठेवा.

धांदरट | १९ डिसेंबर, रात्री १०:१४

शेंगेवर सोनेरी लव आली तर हात लावायच्या आधी मला फोन करा. खाजकुयली असेल, सेक्रेटरींना भेट देऊ.

नाइलाजाने_मुंबईकर | १९ डिसेंबर, रात्री १०:४०

किंवा पडवळ. डाळ भिजत घालून ठेवा.